खिडकीचा ‘ओव्हरहीट’ दिवा पुन्हापुन्हा लागतोय? बॉक्स बदलण्याआधी काचेची कड बघा

लक्षण असं. विमान बोइंग ७३७-८००. उड्डाण होऊन तास-दीड तास झाला की कॉकपिटच्या डाव्या पुढच्या खिडकीचा पिवळा ‘ओव्हरहीट’ दिवा लागतो, म्हणजे विजेनं तापवलेली काच फार तापल्याचा इशारा. पायलट चेकलिस्टप्रमाणे त्या काचेच्या हीटिंगचा स्विच बंद करतात, दोन ते पाच मिनिटं थांबून परत चालू करतात. कधी दिवा विझलेला राहतो, कधी पुन्हा लागतो. विमान मुंबईच्या बेवर (विमानं उभी करायच्या जागेवर) येऊन उभं राहतं, आपण कॉकपिटमध्ये चढतो, स्विच टाकतो आणि सगळं व्यवस्थित चालतं. हिरवा दिवा लागतो, काच गरम होते, टेस्ट पास होते. टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या बिघाड-दुरुस्तीच्या नोंदवहीत, ठरलेलं वाक्य लिहिलं जातं, ‘ग्राउंड चेक कॅरीड आउट, फाउंड सॅटिसफॅक्टरी’. विमान सुटतं. तिसऱ्या दिवशी तीच स्नॅग, म्हणजे पायलटनं नोंदवलेली तक्रार.

आमच्या ताफ्यातल्या एका विमानाला नऊ दिवसांत हे चार वेळा झालं. या नऊ दिवसांत दोन कंट्रोल बॉक्स (काचेला वीज कधी द्यायची ते ठरवणारे) बदलले गेले आणि दोन्ही दुरुस्तीच्या शॉपमधून ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन परत आले. चूक होती ती सगळी आमच्या लाइनवरचीच (उड्डाणांच्या मधल्या देखभालीतली), म्हणून इतकं सविस्तर लिहितोय. ७३७ वर काम करणाऱ्यांना थेट उपयोग होईल. बाकी विमानांवरच्यांना तपशील बदलून घ्यावे लागतील, पण दोष शोधायची वाट तीच आहे.

आधी हे कळायला हवं की काच तापवतात कशाला

नवीन ट्रेनी आला की मी त्याला हा प्रश्न हमखास विचारतो. उत्तर येतं, ‘बर्फ जमू नये म्हणून आणि धुकं धरू नये म्हणून.’ बरोबर आहे. ३५ हजार फुटांवर बाहेर उणे ५४ अंशांच्या आसपास तापमान असतं. तिथून थंडगार झालेली काच जुलैच्या मुंबईत, ओल्या हवेत उतरते. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला दोन मिनिटांत जसा घाम फुटतो तसं होणार हे उघड आहे, आणि नेमक्या त्याच वेळी पायलटला धावपट्टी दिसायला हवी असते. ढगातलं अतिथंड पाणी काचेवर आदळून गोठतं, तो बर्फ वेगळाच.

पण हे अर्धंच उत्तर आहे. उरलेलं अर्धं माहीत नसल्यामुळेच लोक ही स्नॅग हलकी समजतात. ‘आता कुठे बर्फ आहे मुंबई-नागपूरला, करा डिफर’ (दुरुस्ती पुढे ढकला) असं म्हणताना मी चांगल्या चांगल्या माणसांना ऐकलंय.

समोरची काच ही एक काच नसते. बाहेर एक पातळ, कडक, ओरखडे न पडणारी काच. तिचं काम वायपर आणि धूळ सोसण्याचं, केबिनचा दाब तिच्या भरवशावर नसतो. आत जाड काच, दाबाचा खरा भार तिच्यावर. आणि या दोहोंच्या मध्ये प्लॅस्टिकचा थर. आतली काच तडकली तरी हा थर सगळं एकत्र धरून ठेवतो. बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला विजेचं वहन करणारा इतका पातळ लेप असतो की तो डोळ्यांना दिसत नाही. त्या लेपातून वीज गेली की काच तापते.

आता त्या मधल्या प्लॅस्टिकचा स्वभाव बघा. गारठलं की ते ठिसूळ होतं, कोमट असलं की लवचीक राहतं, फार तापलं की मऊ पडतं. पक्षी आदळतो तेव्हा धक्का हाच थर ताणून, लवून पचवतो. म्हणून ७३७ वर कंट्रोलर, म्हणजे तोच कंट्रोल बॉक्स, काच साधारण ३८ अंशांवर ठेवतो. आपल्या अंगापेक्षा किंचित गरम, एवढंच. ओव्हरहीटची मर्यादा साधारण ६३ अंशांची. त्यापलीकडे गेलं तर वीज आपोआप तुटते, कारण फार तापलेला थर सुटायला लागतो.

मोठ्या प्रवासी विमानाच्या पुढच्या काचेला प्रमाणपत्र मिळताना चार पौंडांचा, म्हणजे १.८ किलोचा पक्षी ठरलेल्या क्रूझ वेगात आदळूनही आरपार घुसता कामा नये, अशी अट असते. आपल्या विमानतळाभोवती घिरट्या घालणारी घार पाऊण किलोच्या आसपासची. फ्लेमिंगो तिच्याहून बराच जड. मे २०२४ मध्ये घाटकोपरला उतरत्या विमानाची फ्लेमिंगोंच्या थव्याशी टक्कर झाली आणि जवळपास चाळीस पक्षी मेले, ते सगळ्यांनी वाचलंच असेल.

म्हणूनच काचेचं हीटिंग गेलं की चेकलिस्टमध्ये १० हजार फुटांखाली वेग २५० नॉट्सच्या वर नेऊ नका असं लिहिलेलं असतं. हिशोब करून पाहा. १.८ किलोचा पक्षी ३४० नॉट्सला आदळला तर सुमारे २७ हजार ज्यूल ऊर्जा, २५० नॉट्सला सुमारे १५ हजार. जवळपास निम्मी. गारठलेल्या काचेकडून निम्म्याच माराची अपेक्षा धरलीय, असा त्या एका ओळीचा अर्थ. उड्डाणाआधी किमान दहा मिनिटं विंडो हीट चालू हवी हा नियमही याच पोटातला. सकाळच्या लेहच्या फ्लाइटला तो पाळताना कोणी कुरकुरत नाही, मुंबईत मात्र ‘काच तर गरमच आहे’ म्हणून स्विच उशिरा पडतो.

दिवा काय सांगतोय आणि काय सांगत नाहीये

वरच्या पॅनलवर चार स्विच असतात. डावी बाजूची, डावी पुढची, उजवी पुढची, उजवी बाजूची. प्रत्येकाला एक हिरवा ‘ऑन’ आणि एक पिवळा ‘ओव्हरहीट’.

हिरवा दिवा म्हणजे ‘स्विच चालू आहे’ असं नव्हे. या क्षणी काचेला वीज जातेय, एवढंच तो सांगतो. मे महिन्यात नागपूरला दुपारी दोन वाजता उन्हात उभ्या असलेल्या विमानाची काच आधीच ३८ च्या वर असते. स्विच टाकला तरी कंट्रोलर वीज देत नाही, हिरवा लागत नाही. ही स्नॅग नाही, यंत्रणा तिचं काम करतेय. अशा वेळी ‘पॉवर टेस्ट’ वापरायची. ती कंट्रोलरला पूर्ण वीज द्यायला लावते, हिरवा लागला की प्रश्न मिटला. ही टेस्ट एखादा ‘ऑन’ दिवा विझलेला असेल तेव्हाच करायची, सगळे हिरवे पेटलेले असताना नाही. उन्हाळ्यात येणाऱ्या तक्रारींतल्या बऱ्याच इथेच संपतात.

पिवळ्या दिव्याचं जरा नाजूक आहे. त्याच्या नावावर जाऊ नका. काच खरोखर तापली तर तो लागतोच, पण काचेकडे जाणारी वीज मध्येच तुटली तरीही लागतो. आणि सेन्सरची जोडणी सुटली तरी लागतो. हे शेवटचं नीट समजून घ्या, आमचे नऊ दिवस त्यातच गेले.

काचेच्या थरात बारीक तारेचा सेन्सर असतो. तापमान वाढलं की त्याचा रोध (विजेला होणारा अडथळा) वाढतो. कंट्रोलरला तापमान वगैरे काही कळत नाही, तो फक्त रोध वाचतो. आता कुठेतरी स्क्रू ढिला असेल आणि क्षणभर जोडणी सुटली, तर कंट्रोलरला रोध प्रचंड वाढलेला दिसतो. तो म्हणतो, काच भाजतेय, वीज तोडा. बाहेर उणे पन्नास असताना ‘ओव्हरहीट’ लागतो तो असा. आणि थंडीत लागतो, कारण थंडीत धातू, काच, सील सगळं आकसतं आणि जेमतेम टेकलेली जोडणी सुटते. बेवर आलं की सगळं परत फुगून टेकतं. आपण मीटर लावतो, आकडा बरोबर येतो. मग आपण बॉक्सवर संशय घेतो, कारण बॉक्स बदलायला वीस मिनिटं लागतात आणि काचेच्या कडेचं टर्मिनल (वायर जोडायची जागा) उघडायला पॅनल काढावं लागतं.

म्हणून पायलटला पहिला प्रश्न हा विचारा: दिवा चढताना लागला, वर गेल्यावर किती वेळानं लागला, की खाली उतरताना? वर बराच वेळ गेल्यावर लागत असेल तर ढिली जोडणी समजून सुरुवात करा. उतरताना, ओल्या हवेत शिरल्यावर लागत असेल तर ओल समजून. जमिनीवर उन्हात लागत असेल तर आधी विमान सावलीत न्या किंवा संध्याकाळपर्यंत थांबा, मग बोलू.

आम्ही काय केलं, आणि आधी काय करायला हवं होतं

पहिल्या दिवशी डावा पुढचा बॉक्स आणि उजवा पुढचा बॉक्स यांची अदलाबदल केली. हे योग्यच होतं. चारही कंट्रोल बॉक्स एकसारखे आहेत, दोष बॉक्ससोबत उजवीकडे गेला तर बॉक्स खराब, डावीकडेच राहिला तर काच किंवा वायरिंग. पण अदलाबदल केल्याची नोंद पुढच्या शिफ्टला नीट पोचली नाही. दुसऱ्या स्नॅगला दुसऱ्या माणसानं डावीकडचा बॉक्स थेट नवा बसवला. उजवीकडे काहीच झालं नव्हतं, म्हणजे उत्तर तेव्हाच हातात आलं होतं, पण ते कोणी वाचलंच नाही. तिसऱ्या वेळी पुन्हा बॉक्स. ही अदलाबदल करत असाल तर टेक लॉगमध्ये दोन्ही बॉक्सचे सिरीयल नंबर आणि कुठून कुठे गेले ते लिहा, आणि हँडओव्हरच्या वहीत लाल पेनानं लिहा की ‘दोष डावीकडेच राहिला तर बॉक्सला हात लावू नये’. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या की दिवा विझला तरी कशामुळे विझला ते कधीच कळत नाही.

बॉक्सच्या तोंडावरची बाइट टेस्ट (बॉक्सची स्वतःची अंगभूत तपासणी) जरूर करा, पण ती सध्याचा दोष सांगते. जमिनीवर सगळं टेकलेलं असताना ती ‘ठीक’च म्हणणार. त्यावर विसंबून फाइल बंद करू नका.

चौथ्या स्नॅगच्या रात्री मी आणि माझा एक सहकारी दीड वाजता बसलो. रात्र मुद्दाम निवडली. दिवसा एक बाजू उन्हात आणि दुसरी सावलीत असते, त्यामुळे डाव्या-उजव्या सेन्सरचे आकडे वेगळे येतातच आणि माणूस उगाच भलत्या मागे लागतो. रात्री दोन तास उभ्या असलेल्या विमानाच्या दोन्ही काचा एकाच तापमानाला असतात. दोन्ही सेन्सर मोजले. आकडे एकमेकांना मिळते. इथपर्यंत नेहमीसारखंच.

मग मीटर लावलेलाच ठेवला आणि सहकाऱ्यानं टर्मिनलला येणारी वायर लाकडी काडीनं हलकेच हलवली. वीज बंद, सर्किट ब्रेकर ओढून टॅग लावलेला, हे सांगायला नको. पहिल्या दोन वायरना काही नाही. तिसरीला आकडा उडाला, परत बसला. पुन्हा हलवली, पुन्हा उडाला.

स्क्रू काढला. लग, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची कडी, सुटून बाहेर आला तेव्हा टॉर्चच्या उजेडात दिसलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. लगच्या खालच्या अंगाला पितळेच्या भांड्यावर चढतो तसा हिरवट कळंक, आणि त्याच्या मधोमध एक टाचणीच्या डोक्याएवढी चकचकीत जागा. नऊ दिवस सेन्सरचा सगळा निरोप त्या टाचणीएवढ्या जागेतून जात होता. स्क्रू हाताला घट्ट लागत होता, पण तो कळंकावर घट्ट होता, लगवर नव्हता.

लग बदलला, टर्मिनल मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे साफ केलं, टॉर्क रेंचनं ठरलेल्या टॉर्कला (पिळाच्या मोजलेल्या जोराला) स्क्रू बसवला. ‘घट्ट वाटतोय’ म्हणजे टॉर्क नव्हे. सेन्सर खरोखर आतून तुटला असता तरी लगेच काच बदलावी लागली नसती, कारण या काचांमध्ये एक जादा सेन्सर ठेवलेला असतो. टर्मिनलवर वायर त्याच्यावर हलवायची आणि तसं नोंदवायचं. ही नोंद फार महत्त्वाची. जादा सेन्सर आधीच वापरून झालाय हे माहीत नसेल तर पुढचा माणूस रात्र घालवतो.

ओल आली कुठून

लग बदलून आम्ही थांबलो नाही, कारण कळंक कोरड्या जागी चढत नाही.

आधी आमच्या सवयीकडे पाहिलं. ७३७ च्या बाजूच्या खिडक्या सरकून उघडतात. पावसाळ्यात रात्री विमान उभं असताना, एसी बंद, आत उकडतंय, म्हणून साफसफाई करणारे, आपण, सगळेच त्या उघड्या ठेवतो. वाऱ्यासोबत पाऊस आत येतो, पॅनलच्या फटीतून कडेला उतरतो. आमच्या त्या विमानाच्या डाव्या पॅनलखाली वाळलेल्या पाण्याचा पांढरट माग होता. तेव्हापासून आमच्या शिफ्टला नियम आहे, जून ते सप्टेंबर खिडकी उघडी ठेवून कोणी कॉकपिट सोडायचं नाही. हाच प्रश्न सरकत्या खिडकीच्या स्वतःच्या वायरिंगचाही आहे. ती वायर खिडकीबरोबर दर उघडझापीला वाकते. बाजूच्या खिडकीचा दिवा खिडकी उघडून बंद केल्यावर येत-जात असेल तर बाकी सगळं सोडून आधी तिथं बघा.

दुसरा आणि जास्त गंभीर मार्ग म्हणजे बाहेरचं सील. काचेच्या कडेनं फिरणारं हे रबरासारखं सील ओलीला थरांमध्ये शिरू देत नाही. त्याला भेग पडली, कोपऱ्यात झिजलं, कोणी पुसताना चुकीचं रसायन मारलं, की पाणी आत जातं आणि मग जात राहतं. जमिनीवर भिजतं, वर गोठतं, फुगतं, भेग रुंदावते.

हे दुर्लक्षून काय होतं ते १४ मे २०१८ ला दिसलं. चोंगचिंगहून ल्हासाला निघालेल्या ए३१९ विमानाची उजवी पुढची काच ३२ हजार फुटांच्या आसपास आधी तडकली आणि काही क्षणांत अख्खी निघून गेली. सहवैमानिक अर्धा बाहेर ओढला गेला होता, पट्ट्यामुळे वाचला. कॅप्टन ल्यू च्वानज्येन यांनी त्या थंडीत आणि वाऱ्यात विमान चंगतूला उतरवलं. चिनी तपासाचा निष्कर्ष वाचताना मला त्या टाचणीएवढ्या जागेची आठवण झाली. सील खराब झालेलं असण्याची शक्यता, आत झिरपलेली ओल, ओलीत कुजलेलं वायरचं आवरण, काचेच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात सतत उडणाऱ्या ठिणग्या, आणि त्या एका जागी इतकी उष्णता की भार पेलणाऱ्या दोन्ही काचा फुटल्या.

ढिल्या स्क्रूचं उदाहरणही आहे. १६ मे २०१० ला न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला निघालेल्या ७५७ च्या कॉकपिटमध्ये कॅप्टनच्या काचेच्या टर्मिनलपाशी धूर आणि ज्वाळा दिसल्या, आतली काच तडकली आणि विमान वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळावर उतरवावं लागलं. अशा घटना आधीही झाल्या होत्या. अमेरिकन विमान वाहतूक प्राधिकरणानं त्याच वर्षी ७५७, ७६७ आणि ७७७ च्या पुढच्या काचांच्या टर्मिनलमधल्या ढिल्या आणि खराब जोडण्या तपासायचा आदेश काढला.

सेन्सरची जोडणी ढिली असेल तर दिवा लागतो, एवढ्यावर भागतं. वीज वाहून नेणारी जोडणी ढिली असेल तर तिथे ठिणगी उडते. बाहेरून दोन्ही स्क्रू सारखेच दिसतात. म्हणून जळका वास, धूर, काचेच्या कडेला ठिणगी किंवा तपकिरी डाग यांतलं काहीही कोणी सांगितलं, तर तिथे ‘रिसेट करून बघू’ हा विषयच नाही. स्विच बंद, ब्रेकर ओढा, आणि काच नीट तपासल्याशिवाय विमान सोडू नका.

काच तपासायची ती अशी

भर उन्हात समोर उभं राहून काही दिसत नाही. अंधारात टॉर्च काचेला जवळजवळ टेकवून तिरकी धरा आणि कडेकडेनं फिरवा. थर सुटायला लागले असतील तर अभ्रकाचा पापुद्रा सुटल्यासारखी एक चमक दिसते, तिला बोटांसारखे फाटे असतात. ओल असेल तर दुधाळ ढग दिसतो. ठिणगीचा डाग तपकिरी, कधी काळा, आणि बहुतेक वेळा लेपाला वीज देणाऱ्या पट्टीच्या टोकाशी किंवा कोपऱ्यात. बुडबुडे मोजा, त्यांचं माप घ्या, फोटो काढा, आणि मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून पाहा. किती थर सुटलेला चालतो हे विमानाप्रमाणे आणि काचेप्रमाणे ठरलेलं असतं, ते डोळ्यांनी ठरवायचं नसतं.

लेप मध्येच तुटला असेल तर त्यासाठी एक सोपी पद्धत आहे. काच थंड असताना हीट चालू करा आणि काही मिनिटांनी आतून तळहात काचेवरून आडवा फिरवत न्या. कोमट, कोमट, आणि मध्येच एक गार पट्टा लागला की तिथपर्यंत वीज पोचत नाहीये. टर्मिनलपासून मात्र हात लांब ठेवा.

तडा दिसला तर आधी तो कोणत्या थरात आहे ते ठरवा. नख फिरवून बाहेरून जाणवतोय का, आतून जाणवतोय का ते पाहा. दोन्हीकडून गुळगुळीत लागला आणि टॉर्च हलवल्यावर त्याची सावली सरकली, तर तो थरांच्या मधल्या पृष्ठभागात आहे. बाहेरच्या पातळ काचेचा तडा आणि आतल्या जाड काचेचा तडा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि मॅन्युअलही दोन्हींना वेगळं वागवतं.

ए३२० वर काम करणाऱ्यांसाठी एवढंच: तिथे डाव्या आणि उजव्या बाजूला एकेक हीट कॉम्प्युटर असतो, इंजिन चालू झालं की हीटिंग आपोआप सुरू होतं, पुढच्या काचांना जमिनीवर कमी आणि हवेत पूर्ण वीज मिळते. त्यामुळे जमिनीवर सगळं ठीक आणि हवेत दोष, हा प्रकार तिथे आणखी सहज घडतो. कॉम्प्युटर इकडचा तिकडे करून पाहणं, टर्मिनल उघडणं आणि सील बघणं, हे मात्र तसंच.

काच बदलावीच लागली तर

एकच सांगतो. जुन्या काचेचे बोल्ट बघून, हातात धरून, डोळ्यांनी जुळवून नवे बोल्ट आणू नका. १० जून १९९० ला बर्मिंगहॅमहून निघालेल्या बीएसी १-११ ची नुकतीच बदललेली काच उडून गेली आणि कॅप्टन टिम लँकेस्टर कमरेपर्यंत बाहेर खेचले गेले. सहकाऱ्यांनी त्यांचे पाय धरून ठेवले, ते वाचले. काचेच्या ९० बोल्टपैकी ८४ चा व्यास ०.०२६ इंचांनी कमी होता. काढलेल्या बोल्टशी नवे बोल्ट डोळ्यांनी जुळवून घेतले होते. पार्ट कॅटलॉग उघडायला पाच मिनिटं लागतात. जुन्या विमानांवर काचेचा रोधाचा कोड बघून ट्रान्सफॉर्मरचा टॅपही (काचेला किती व्होल्टेज जाईल ते ठरवणारी जोडणी) बदलावा लागतो. नवी काच आणि जुना टॅप अशी जोडी राहिली तर चांगल्या काचेवरही दिवा पुन्हा लागणार.

डिफर करायची वेळ आली तर

पार्ट नाही, वेळ नाही, विमान सुटायचंय, हे मला कळतं. एमईएलमध्ये, म्हणजे काय बंद असताना विमान सोडता येतं त्याच्या यादीत, सोय आहे, ती वापरा. पण त्यातली अट शब्दशः वाचा, मार्गावर बर्फाचे ढग अपेक्षित आहेत का ते डिस्पॅचला (उड्डाणाचं नियोजन करणाऱ्या विभागाला) विचारा, आणि वेगाच्या मर्यादेबद्दल कॅप्टनशी समोरासमोर बोला. पावसाळ्यात मुंबईच्या आसपासचे ढग उंच जातात, जमिनीवर तीस अंश असले तरी वरच्या टोकाला बर्फच असतो. आणि घारी तर बारा महिने आहेत.

पायलट मंडळींना एक विनंती. ‘लेफ्ट फॉरवर्ड विंडो ओव्हरहीट’ एवढंच लिहू नका. दिवा लागला तेव्हाची उंची, चढताना की उतरताना, ढगात होता की बाहेर, उड्डाणाला किती वेळ झाला होता, रिसेट किती वेळा केला, काचेवर धुकं धरलं का, वास आला का, हे दोन ओळींत लिहा. आमच्या चौथ्या स्नॅगच्या कॅप्टननी ‘लेव्हल ऑफनंतर पन्नास मिनिटांनी, मोकळ्या आकाशात, रिसेटनंतर दहा मिनिटांत पुन्हा’ असं लिहिलं होतं. लेव्हल ऑफ म्हणजे चढणं संपून विमान सपाट होणं. त्या ओळीमुळेच आम्ही मीटर लावून वायर हलवायचं ठरवलं.

त्या रात्री मी टेक लॉगमध्ये लिहिलं ते असं: डाव्या पुढच्या खिडकीच्या सेन्सर टर्मिनलवरचा लग गंजलेला आढळला, बदलला. टर्मिनल साफ करून मॅन्युअलप्रमाणे टॉर्क केला. मूळ सेन्सरच वापरात आहे, जादा सेन्सर शिल्लक. बाहेरचं सील आणि काचेची कड तपासली, थर सुटल्याची खूण नाही. कंट्रोल बॉक्स बदललेला नाही. पुढच्या दहा उड्डाणांवर लक्ष ठेवावे.